परवाना हाच आता सातबारा



भाताची झोडणी आटोपली, ओलीवर वाल टाकून झाला, आणि आपल्या उरण-पनवेलच्या भागात हळदी-लग्नांचे दिवस सुरू झाले. या पानावर मी एरवी खोडकिड्याविषयी, खाऱ्या जमिनीविषयी, नाहीतर खताच्या मात्रेविषयी लिहितो. आज विषय जरा वेगळा आहे. पण शेतकऱ्याच्या घरात जे शिरतं ते या पानाला वर्ज्य नाही, म्हणून लिहितो.

न्हावा-शेवा बंदराच्या अंगाला असलेल्या एका गावातले माझ्या जुन्या ओळखीचे एक गृहस्थ मागे सकाळीच माझ्या दारात आले. त्यांना आपण तात्या म्हणू. तात्यांच्या हातात पोलिसांचा कागद होता. मुलगा कंटेनरचा ट्रेलर चालवतो. त्या रात्री ट्रेलर उभा होता, मुलगा चुलत बहिणीच्या हळदीहून मोटारसायकलीवर घरी येत होता. वाटेत नाकाबंदी लागली. पोलिसांनी यंत्रात फुंकर मारायला लावली, आकडा ७४ आला. परवाना जमा झाला आणि कोर्टाची तारीख हातात पडली.

तात्या म्हणाले, "साहेब, तुम्ही सरकारी माणूस. मला तीन गोष्टी सांगा. दंड भरून हे मिटेल का? वकील लागेल का? आणि प्यालेल्या माणसाला वकील वाचवतात म्हणतात, ते कसं काय?"

मी शेतकी पदवीधर, कायद्याचा नाही. पण तात्यांबरोबर मी वकिलांकडे गेलो, त्यांनी सांगितलेलं वहीत उतरवून घेतलं, आणि तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी कायदा पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा, त्यातलं कलम १८५ याच गुन्ह्याचं आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला आणि माणूस वाहन चालवत असला, किंवा चालवायच्या प्रयत्नात असला, तर गुन्हा झाला. मोटारसायकल असो, टेम्पो असो, शेतातला ट्रॅक्टर असो, सगळी मोटार वाहनंच. बैलगाडी तेवढी यात येत नाही. कारण तिला इंजिन नाही, आणि ओढणारा तर बिचारा शुद्धीवरच असतो!

२०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिक्षा कडक झाली. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढच्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. म्हणून रस्त्यात कुणाच्या हातात पैसे कोंबू नका. त्यानं गुन्हा मिटत नाही, दुसरा एक गुन्हा मात्र तयार होतो.

आणि आता मुख्य गोष्ट, जी तात्यांना ठाऊक नव्हती. गुन्हा शाबित झाला की दंडाबरोबर कोर्टाला परवान्यावर बंदी घालावीच लागते, आणि ती कमीत कमी ६ महिन्यांची असते. दहा हजार रुपये माणूस इकडून तिकडून उभे करतो. पण मोटारसायकलीचा आणि ट्रेलरचा परवाना एकाच कार्डावर असतो. परवाना गेला की ट्रेलरवरची नोकरी गेली.

तात्या हे ऐकून खालीच बसले. का बसले ते बाहेरच्याला कळणार नाही, तुम्हाला कळेल. त्यांच्या वडिलांची भातशेती बंदराच्या वेळी गेली. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानला गोळीबार झाला, आपली पाच माणसं गेली, तेव्हा तात्या कोवळे पोर होते. १९८९ साली बंदर सुरू झालं आणि ज्या वाटांवर भाताचे भारे यायचे तिथे कंटेनर धावू लागले. घरात सातबारा उरला नाही, उरला तो मुलाचा परवाना. ज्याला आपण नुसतं लायसन म्हणून खिशात कोंबतो, तो अशा घरांचा सातबारा आहे. त्यावर बोजा चढवावा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

असो. आम्ही पनवेलला एका वकीलबाईंकडे गेलो. चार-पाच वकिलांची मिळून ती कचेरी, असे खटले त्यांच्याकडे नेहमीचे. तात्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "बाई, पोरगा प्यालेला नव्हता असं सांगायचं का?" बाई म्हणाल्या, "काका, खोटं सांगायला मी बसलेली नाही. आधी कागद दाखवा." आणि त्यांनी एकेक करून जे प्रश्न विचारले, ते असे.

पहिला प्रश्न, गाडी खरोखर तोच चालवत होता का? उभ्या गाडीच्या सावलीत झोपलेला माणूस आणि गाडी हाकणारा माणूस यांत फरक आहे.

दुसरा प्रश्न यंत्राचा. यंत्राचा क्रमांक कागदावर आहे का? ते वेळच्या वेळी तपासून घेतलेलं होतं का? आकड्याची छापील चिठ्ठी आहे का, तिच्यावर वेळ आणि सही आहे का? आपण सोसायटीत भात घालतो तेव्हा काट्यावर वजनमापवाल्याचा शिक्का पाहतोच ना? तसंच हे आहे. आणखी एक बारकावा त्यांनी सांगितला. नुकताच घोट घेतला असेल, किंवा मद्यार्क असलेलं आसव-अरिष्ट घेतलं असेल, तर तोंडातल्या अंशामुळे आकडा फुगतो. तो अंश साधारण पंधरा मिनिटांत जातो. म्हणून औषध घेतलं असेल तर तसं तिथल्या तिथे सांगावं आणि थोड्या वेळानं पुन्हा चाचणी मागावी.

तिसरा प्रश्न वेळेचा. या गुन्ह्यात अटक केली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर माणसाला सोडावं लागतं. म्हणून वकील कागदावरची घड्याळं जुळवून पाहतो. अटक किती वाजता, दवाखान्यात किती वाजता, डॉक्टरांची सही किती वाजता.

चौथा प्रश्न रक्ताचा, आणि तो मला फार पटला. रक्त काढताना कातडी स्पिरिटनं पुसायची नसते, कारण स्पिरिट म्हणजे मद्यार्कच. बाटलीत रक्त टिकवणारं औषध घालावं लागतं. ते का, हे आपल्या भागात समजावून सांगायला नको. सकाळी माडावरून उतरवलेली नीरा गोड असते, दुपारी तीच ताडी होते. रक्त नीट राखलं नाही तर बाटलीतल्या बाटलीत तेही आंबू शकतं, आणि न प्यालेल्याच्या नावावर मद्यार्क चढतो. मग बाटलीला सील हवं, चिठ्ठी हवी, कुणी नेली, कधी नेली, प्रयोगशाळेत कधी पोचली याची नोंद हवी.

पाचवा प्रश्न, चाचणी झालीच नसेल तर? नुसता वास आला, पाय लटपटले, डोळे तांबारले, एवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्रातल्याच एका गाडीवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७१ साली हे सांगून ठेवलं आहे. रक्ताची तपासणी न करता केवळ अशा लक्षणांवरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असं पक्कं म्हणता येत नाही.

बंधूंनो, हे ऐकताना मला माझीच एक जुनी फजिती आठवली. नोकरीच्या सुरुवातीला खतांचे नमुने घेण्याचं काम माझ्याकडे होतं. एका दुकानातून मी संशयास्पद खताचा नमुना घेतला. रीतीप्रमाणे तीन भाग केले, पिशव्या बांधल्या. प्रयोगशाळेनं खत अप्रमाणित ठरवलं. मी खुशीत साक्षीला गेलो. दुकानदाराच्या वकिलानं एवढंच विचारलं, "साहेब, ही पिशवी नऊ दिवस कुठे होती? कपाटाची किल्ली कुणाकडे होती? सीलाचा ठसा नोंदीत कुठे आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानदार सुटला. त्या दिवशी मी वकिलाच्या नावानं बोटं मोडली. चोराला सोडवणारा मोठा चोर, असं घरी येऊन म्हणालो.

आज तसं म्हणत नाही. दुकानदाराला वकिलानं सोडवलं नाही, माझ्या गबाळेपणानं सोडवलं. मातीचा नमुना बांधावरून घेतला, शेणखताच्या ढिगाजवळून घेतला, तर त्याच्या अहवालावर खत देऊ नका असं मीच तुम्हाला सांगतो ना? मग जिथे माणसाची भाकरी आणि मोकळीक पणाला लागते तिथला नमुना त्याहून चोख नको का? वकिलाचं काम पुरावा चाळणीतून काढण्याचं. पुरावा खरा असेल तर तो चाळणीवर टिकतो. आपल्या दि. बा. पाटील साहेबांनीही वकिलीच केली होती. सरकारच्या कागदाला प्रश्न विचारता येतात, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि तीही सांगितली पाहिजे. २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री वांद्र्याला एका बेकरीबाहेर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. एक जण मेला, चौघे जखमी झाले. सिनेनट सलमान खान यांच्यावर खटला चालला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयानं पाच वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. ते गाडी चालवत होते आणि प्यालेले होते हे संशयापलीकडे शाबित झालेलं नाही, असं न्यायालयानं म्हटलं. रक्ताच्या नमुन्याची ने-आण आणि नोंदी यांतल्या उणिवाही निकालात आल्या. त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण ज्या मजुराचा जीव गेला, त्याच्या घरच्यांना तेरा वर्षांत काय मिळालं, हा प्रश्न राहतोच.

त्याच वांद्र्यात नोव्हेंबर २००६ मध्ये कार्टर रोडला पदपथावर झोपलेली सात माणसं मोटारीखाली गेली. तिथे रक्ताचा अहवाल टिकला. आकडा होता ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम. चालकाची तीन वर्षांची शिक्षा २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. दोन्ही खटल्यांत नामांकित वकील होते. फरक पडला तो पुराव्यानं.

आणि पुण्याची गोष्ट तर ताजी आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेनं दोन तरुण अभियंते मेले. त्यात अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलला, असा आरोप पोलिसांनी ठेवला, आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना, मुलाच्या आईवडिलांना अटक झाली. पुरावा तपासणं हा बचाव आहे, पुरावा बदलणं हा गुन्हा आहे. "साहेबाला सांगून रिपोर्ट बदलून आणतो" असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो तुमच्या मुलाबरोबर तुम्हालाही आत नेईल.

आता तात्यांच्या मुलाचं काय झालं ते सांगतो. बाईंनी सगळे कागद पाहिले. चिठ्ठी होती, वेळ बरोबर होती, यंत्राची नोंद होती, डॉक्टरांचा कागद चोख होता. बाई सरळ म्हणाल्या, "काका, इथे लढायला जागा नाही. खटला लांबवून माझी फी वाढेल, मुलाचं भलं होणार नाही." चांगला वकील यावरून ओळखावा. जो कागद न पाहता "सोडवतोच" म्हणतो, त्याच्यापासून सावध राहा.

मग बाईंनी दुसरी वाट काढली. परवान्यावर बंदी घालताना ती सगळ्या प्रकारच्या वाहनांना लावायची की एखाद्याच प्रकाराला, हे ठरवण्याची मुभा कायद्यानं कोर्टाला दिली आहे. त्यांनी कोर्टाला विनंती केली, की गुन्हा मोटारसायकलीवर घडला, पहिलाच आहे, कुणाला इजा नाही, घर या पगारावर चालतं, तर बंदी दुचाकीपुरती ठेवावी. कोर्टानं ऐकून घेतलं, पण मानलं नाही. दंड १०,००० रुपये आणि सगळ्या वाहनांना ६ महिने बंदी. बाहेर आल्यावर तात्या गप्प होते. मी मनात म्हटलं, ज्याच्या हातात ट्रेलरसारखं धूड असतं, त्याच्या बाबतीत न्यायाधीशानं हात आखडता घेतला तर दोष कुणाला द्यायचा? उद्या त्याच रस्त्यानं माझी नात शाळेत जाते.

मुलगा ६ महिने घरी होता. कामावर दुसरा माणूस लागला. बँकेचे हप्ते थकले आणि सुनेच्या बांगड्या गहाण गेल्या. बंदी असताना चोरून गाडी चालवायचा मोह त्याला झाला होता, तो तात्यांनी मोडला ते बरं केलं, कारण तो पुन्हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यालाही कैद आहे.

तरी मी म्हणेन, तात्या नशिबवान. मुलगा जिवंत घरी आला. माझ्या कामात मला दुसरं एक घर पाहावं लागलं. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर त्याच्या वारसाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात, हे तुम्ही जाणता. एक तरुण विधवा आपल्या नवऱ्याचा अर्ज घेऊन आली. सातबारा होता, पंचनामा होता, सगळं होतं. पण तपासणीच्या अहवालात मद्यार्क निघाला. नशेच्या अमलाखाली झालेला अपघात या योजनेत बसत नाही. गाडीच्या विम्याचंही तसंच. प्यालेल्या चालकानं गाडी ठोकली तर नुकसानभरपाई नाकारायला कंपनीला आधार मिळतो. त्या बाईला मी काय सांगणार? कोर्टात बाजू मांडायला वकील असतो, पण गेलेल्याची बाजू मांडून त्याला परत आणणारा वकील अजून जन्माला आलेला नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, वेळ आलीच तर काय करायचं ते ध्यानात ठेवा. पोलिसांशी हुज्जत घालू नका. चाचणीला नकार देऊ नका. नकार दिला तर सुटका होत नाही, रक्ताची तपासणी मागे लागतेच. किती वाजता थांबवलं, यंत्रानं काय आकडा दाखवला, दवाखान्यात कधी नेलं, हे घरी आल्यावर लगेच लिहून ठेवा. परवाना जमा केला तर त्याची पोच मागा. न समजता "गुन्हा कबूल" म्हणू नका, आधी परवान्याचं काय होईल ते वकिलाला विचारा. वकील परवडत नसेल तर कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, कोठडीत असलेली माणसं आणि कमी उत्पन्नाची कुटुंबं यांना तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

आणि वेळ येऊच नये म्हणून दोन शब्द. ताक, लिंबू, पान, गार पाण्याची अंघोळ, यांतल्या कशानंही रक्तातला मद्यार्क उतरत नाही. तो आपल्या गतीनं उतरतो, तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम. रात्री बारा वाजता आकडा १५० असेल तर पहाटे सहाला तो ६० पर्यंत असू शकतो, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट. पहिल्या पाळीला बंदरात जाणाऱ्या पोरांनी हे गणित पाठ करावं. "झोप झाली, उतरली" हे खरं नसतं.

तात्यांनी परवा आपल्या पुतण्याच्या हळदीला एक नवी रीत केली. मांडवाच्या दारात धाकट्या वहिनी सूप घेऊन उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येक पोरानं गाडीची चावी सुपात टाकायची, आणि ज्यानं घेतली त्याची चावी सकाळी न्याहारीनंतर परत. काहींनी तोंडं वाकडी केली, थट्टाही झाली. सगळ्यांत आधी चावी टाकली ती तात्यांच्या मुलानं. त्याचा परवाना परत मिळाला होता, ट्रेलर मात्र अजून मिळालेला नव्हता.

तुमच्या मांडवात एक सूप जास्तीचं निघेल का? पाहा बरं.

पुढच्या खेपेला उन्हाळी भाजीपाल्याच्या रोपवाटिकेविषयी बोलू. रामराम.